वागळे इस्टेटमधली नायट्राइल ट्यूब आणि पहाडातल्या घराची थंडीची तयारी: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

रेटिंग आधी सांगते, मग बाकीचं. दुकानाला पाचपैकी साडेचार, ट्यूबला, म्हणजे पाण्याचा पाइप गोठू नये म्हणून त्यावर चढवायच्या काळ्या रबरी नळीला, चार. ट्यूबचा एक मार्क कुठे गेला ते पुढे येईलच. ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत फ्लॅट आहे एवढंच असेल तर हे काही लागत नाही, आपल्याकडे पाइपातलं पाणी गोठत नाही. पण आता आपल्यापैकी बऱ्याच जणांचं कुठे ना कुठे थंडीतलं घर झालंय, कोणी उत्तराखंडात दोन खोल्या बांधल्यात, कोणाची लेक मनालीकडे दिलीय, कोणाची मुलं मिनेसोटा नाहीतर टोरांटोला घर घेऊन राहिलीत आणि डिसेंबरात इकडे येताना तिकडचं घर बंद करून येतात. त्यांच्यासाठी जरा सविस्तरच लिहितेय.

आमचं घर मुक्तेश्वरच्या बाजूला, नैनिताल जिल्ह्यात, उंची २२०० मीटरच्या आसपास. मिस्टर आणि नेरूळचे माझे दीर, दोघांनी मिळून बांधलं, जागा २५० चौरस मीटरच्या आतलीच कारण बाहेरच्या माणसाला तेव्हा तेवढीच घेता येत होती. पुढे अंगण, मागे उतारावर आलुबुखारा आणि जर्दाळूची झाडं, टाकी स्लॅबवर, आणि टाकीतून खाली येणारे सगळे पाइप बाहेरच्या भिंतीवरून. हे शेवटचं फार महत्त्वाचं. प्लंबर आपल्याकडचा असो की तिथला, पाइप बाहेरूनच नेतो, रिपेअरला सोपं पडतं, पण जिथे पारा शून्याखाली जातो तिथे तोच पाइप सगळ्यात आधी गोठतो. माझा भाचा मिनियापोलिसला असतो, तो सांगत होता की मिनेसोटात घराचा पायासुद्धा नियमाप्रमाणे साडेतीन ते पाच फूट खोल घ्यावा लागतो, म्हणजे भाग कुठला त्याप्रमाणे, कारण वरची जमीन गोठून फुगते आणि पाया उचलते. पाण्याची लाइन तर त्याच्याही खालून. आपल्या पहाडातल्या घरांना असं काही नसतं, सगळं उघड्यावर.

त्याचं फळ आम्हाला एका जानेवारीत मिळालंच. घर सांभाळणारे शेजारी आहेत, त्यांना सगळे दाज्यूच म्हणतात, त्यांचा फोन आला की पाइप फुटलाय आणि टाकी रिकामी झालीय. रात्री गोठला तेव्हा कोणालाच कळलं नाही, सकाळी ऊन भिंतीवर आलं, आतला बर्फ सुटला आणि मग पाणी वाहायला लागलं ते थेट स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरलं. आता लोकांना वाटतं बर्फ जिथे झाला तिथेच पाइप फाटतो. बऱ्याचदा तसं नसतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, पाइपात बर्फाचं बूच बसतं, आणि ते बूच आणि बंद नळ यांच्यामधे जे पाणी अडकलेलं असतं त्याच्यावर इतकं प्रेशर येतं की त्या टप्प्यातली सगळ्यात कच्ची जागा, म्हणजे एखादा एल्बो (वळणावरचा काटकोनी जोड), टी (तीन तोंडांचा जोड) नाहीतर नळाचं सॉकेट, ती जाते. आमचा एल्बोच गेला होता. म्हणून तर थंड देशांत कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवतात, अडकलेल्या पाण्याला वाट राहते. आमच्याकडे ते परवडत नाही, तिथे पाण्याचीच टंचाई, रात्रभर धार सोडून कसं चालेल.

आणखी एक, मोबाइलवर २ डिग्री दाखवतं आणि इकडे पाइप गोठलेला असतो, मग माणूस म्हणतो असं कसं. आपल्याला हे महाबळेश्वरवरून लगेच समजेल. दरवर्षी पेपरात फोटो येतो ना, वेण्णा लेक, लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठले, गाड्यांच्या टपावर पांढरा थर, आणि त्याच बातमीत महाबळेश्वरचं तापमान बघितलं तर शून्याच्या बरंच वर असतं. कारण हवेचं तापमान मोजतात ते जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर, आडोशाच्या पेटीत, आणि आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला की जमीन, पत्रा, गाडीचं टप, पाइप यांची उष्णता सरळ वर आकाशाकडे निघून जाते आणि ते हवेपेक्षा जास्त गार पडतात. शिवाय गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. आमचं अंगण नेमकं अशाच जागी आहे. त्यामुळे ढगाळ रात्र असली तर आम्ही निवांत, चांदणं लख्ख पडलं की काळजी.

आता दुकान. आमच्या एसीवाल्यानेच पत्ता दिला. स्प्लिट एसीच्या तांब्याच्या पाइपावर ती काळी मऊ नळी असते बघा, तीच ही नायट्राइल रबराची ट्यूब, फक्त पाण्याच्या पाइपासाठी जाड घ्यायची. वागळे इस्टेटमधे आतल्या एका रोडवर गाळा आहे, बाहेरून बघाल तर आत शिरावंसं वाटणार नाही, गिऱ्हाईक सगळं एसी डक्टिंगचं काम करणारे कॉन्ट्रॅक्टर, घरगुती माणूस क्वचितच. मी गेले आणि म्हटलं अर्ध्या इंचाची ट्यूब द्या. शेठ म्हणाले, "ताई, अर्धा इंच कशाचा? सीपीव्हीसी का जीआय?"

म्हणजे पाइप प्लॅस्टिकचा का जस्त चढवलेल्या लोखंडाचा. हा प्रश्न मला दुसऱ्या कुठल्याच दुकानात कोणी विचारला नव्हता. अर्धा इंची सीपीव्हीसी बाहेरून भरतो १५.९ मिलिमीटर आणि अर्धा इंची जीआय भरतो २१.३. दोघांनाही आपण अर्धा इंचच म्हणतो आणि दोघांची ट्यूब वेगळी. सैल ट्यूब घातली तर मधे हवेची पोकळी राहते, त्यातून गार हवा फिरते आणि सगळा खर्च वाया. मी पाइपाचा तुकडा पिशवीतून नेला होता, त्यांनी व्हर्नियर काढून माझ्यासमोर मोजला, ट्यूबचा तुकडा चढवून दाखवला, हाताने फिरवून बघा म्हणाले, घट्ट बसायला हवी पण ओढून ताणून नाही, ताणली की भिंत पातळ होते.

मग त्यांनी विचारलं, "घर थंडीत चालू असणार का बंद?" मी म्हटलं डिसेंबर शेवटपर्यंत कोणी ना कोणी असतं, नंतर मार्चपर्यंत बंद. तर म्हणाले मग माझी ट्यूब डिसेंबरासाठी घ्या, जानेवारीसाठी पाणी काढून टाका, बंद घराला ट्यूब वाचवत नाही. स्वतःचा माल विकणारा माणूस असं सांगतो म्हटल्यावर मी तिथेच ठरवलं की घ्यायचं तर इथूनच.

आणि ते अगदी खरं आहे, ते नीट समजून घ्या. ही ट्यूब उष्णता तयार करत नाही, आहे ती धरून ठेवते. दगडावर गोधडी टाकली म्हणून दगड गरम होत नाही. टाकीतून येणारं पाणी समजा ७-८ डिग्रीचं आहे, ते उघड्या पाइपात उभं राहिलं तर लवकर शून्यावर येतं, १९ मिलिमीटरच्या ट्यूबमधे त्याच पाण्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पहाट होते, ऊन येतं, घरात कोणीतरी नळ सोडतं, नवीन पाणी येतं. म्हणजे रात्री शून्याखाली आणि दिवसा वर अशी जी थंडी मुक्तेश्वर, रानीखेत, मसुरी भागात असते तिथे ही चालते. लेहला नाहीतर स्पितीत, जिथे दिवसेंदिवस पारा वरच येत नाही, तिथे नुसत्या ट्यूबने पाइप वाचणार नाही, तिथे पाइप खोल जमिनीत नाहीतर ट्यूबच्या आत हीटिंग केबल. ती केबलही मी विचारली होती, सेल्फ रेग्युलेटिंग म्हणून येते, जिथे पाइप जास्त गार तिथे आपोआप जास्त तापते. शेठकडे नव्हती, ऑर्डर करून देतो म्हणाले, पण लगेच हेही म्हणाले की बर्फ पडला की पहाडात आधी लाइट जाते, लाइट गेली की केबल पण गेली. आम्ही नाही घेतली.

जाड्या ९, १३, १९, २५ अशा मिलिमीटरमधे मिळतात, साधारण सहा फुटांचे तुकडे. बाहेरच्या भिंतीसाठी आणि स्लॅबवरच्या लाइनसाठी १९ घेतली, आत सिंकखाली आणि बाथरूममधे ९. सोबत त्याचा काळा चिकट टेप, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीचा नायट्राइलचाच टेप, अॅल्युमिनियम फॉइल टेप आणि रबर सोल्युशनचा डबा. सगळं मिळून आमच्या गिझरच्या किमतीपेक्षा कमीत झालं, जीएसटीचं पक्कं बिल मिळालं. त्याआधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अँटी फ्रीझ पाइप कव्हर असं मोठं नाव लिहिलेलं मागवलं होतं, ते आलं तर पांढऱ्या फोमची पातळ नळी, बोटाने दाबली तर परत वर येत नव्हती. ज्यावर जाडी लिहिलेली नाही ते घेऊ नका, नाव काहीही असू दे.

माल हल्द्वानीला ट्रान्सपोर्टने गेला. हल्द्वानीत मोठं मार्केट आहे, तिथे पण शोधलं होतं, पण आम्हाला १९ ची सीपीव्हीसी साइज मिळाली नाही म्हणून ठाण्यातून नेणं आलं. पॅकिंग पुठ्ठ्याच्या खोक्यात उभं केलेलं, तरी दोन-तीन तुकडे चेपले होते. फोटो पाठवल्यावर शेठनी पुढच्या पार्सलमधे बदलून दिले, वाद नाही काही नाही.

बसवण्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण खरी गंमत तिथेच आहे. नवीन लाइन असेल तर ट्यूब आधी ओवायची आणि मग जॉइंट मारायचे. आमची लाइन जुनी, त्यामुळे ट्यूब लांबीत चिरावी लागली. धारदार सुरी हवी, बोथट सुरीने कड फाटते आणि फाटलेली कड चिकटत नाही. मी स्वतः दाज्यूंबरोबर बसून केलं. चिरलेल्या दोन्ही कडांना सोल्युशन लावायचं, लगेच दाबायचं नाही, बोट लावलं तर चिकट वाटतं पण बोटाला येत नाही इतकं सुकू द्यायचं, मग दोन्ही कडा एकमेकींवर दाबत जायचं, आधी दोन टोकं, मग मधला भाग, मग उरलेलं. एकदा चिकटलं की सुटत नाही, खरंच नाही, ओढून बघितलं तर रबर फाटतं पण सांधा तसाच. हे काम भर दुपारी उन्हातच करा, गारठ्यात सोल्युशन धरत नाही. खोलीत करू नका, वास डोक्यात जातो. तुकडा पाइपापेक्षा बोटभर जास्त कापायचा आणि दाबून बसवायचा, कारण थंडीत रबर आखडतं आणि जॉइंट उघडे पडतात. एल्बोला ४५ अंशात दोन काप घेऊन काटकोन करायचा, पहिला जमला नाही तर तो तुकडा सरळ पाइपाला वापरता येतो. भिंतीचे क्लॅम्प ही मोठी भानगड, क्लॅम्प तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी ट्यूब आणली की मधे इंचभर पाइप उघडा राहतो आणि लोखंडी क्लॅम्प गारठा थेट आत नेतो. आम्ही सगळे क्लॅम्प सोडवले, ट्यूबवरून मोठे लावले, खाली पत्र्याची पट्टी दिली म्हणजे रबर चेपत नाही.

एवढं करून पहिल्याच कडाक्याच्या रात्री पाणी अडलं, ते टाकीच्या खालच्या गेट व्हॉल्व्हपाशी. तिथलं काम स्थानिक प्लंबरकडे दिलं होतं, त्याने व्हॉल्व्हवर ट्यूब चढवलीच नाही, तो उघडाच ठेवला, म्हणाला फिरवायला त्रास होतो. पितळेचा उघडा व्हॉल्व्ह म्हणजे त्या लाइनची सगळ्यात गार जागा. दाज्यूंनी कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळून सोडवला, उकळतं नाही ओतलं, ज्योत तर अजिबात लावली नाही, सीपीव्हीसीला ती चालतच नाही. नंतर शेठना फोन केला तर त्यांनी नायट्राइलची शीट पाठवली, तिचं टोपीसारखं कव्हर शिवून हँडलवर घातलं, वर वेल्क्रो. त्यानंतर डिसेंबरभर, बाहेर अंगणात सकाळी गवत पांढरं होतं आणि बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरलेला असायचा, तरी स्वयंपाकघराचा नळ सकाळी उघडला की पाणी येत होतं. सासूबाई तिथे होत्या, त्यांना सकाळी सहाला चहा लागतो, तो मिळत होता. आम्हाला ट्यूबकडून हेच हवं होतं.

आता कापलेला मार्क. उन्हात हे रबर टिकत नाही. पहाडातलं ऊन फार कडक, स्लॅबवरच्या भागाला एका उन्हाळ्यात भेगा दिसायला लागल्या, हाताला काळी पूड येते. वरून अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा निदान फॉइल टेप हवाच, आणि टेपचा खर्च आधी कोणी धरत नाही. दुसरं माकडं आणि लंगूर. मऊ वस्तू दिसली की उचकटतात, आमचा एक वीतभर भाग सोलून काढला. पत्रा लावल्यावर थांबलं. अजून एक, या ट्यूबची मर्यादा १०५ डिग्रीपर्यंत, त्यामुळे गिझरच्या गरम पाण्याच्या पाइपाला बिनधास्त लावा, पण बुखारीच्या, म्हणजे खोली तापवायच्या चिमणीवाल्या शेगडीच्या, चिमणीच्या आसपास कुठेही आणू नका.

बंद घराचं आता सांगते, कारण हे फुकट आहे आणि ट्यूबपेक्षा मोठं आहे. निघायच्या दिवशी आधी गिझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्याचा सेफ्टी स्विच, पाडायचा, रिकाम्या गिझरचा एलिमेंट तापला की जळतो. मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद, सगळ्यात खालचा नळ उघडा, म्हणजे आमचा अंगणातला, आणि सगळ्यात वरचा पण उघडा, वरून हवा शिरली नाही तर पाइपात पाणी धरून राहतं. गिझरचं पाणी आपोआप जात नाही, सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका किंवा ड्रेन प्लग, मॉडेलप्रमाणे असतं, प्लंबरसमोर एकदा करून बघा. फ्लशची टाकी दाबून रिकामी, तळात राहिलेलं स्पंजने टिपायचं. वॉशिंग मशीनचा इनलेट पाइप काढायचा. आरओ विसरतात लोक, त्याच्या हाउसिंगमधलं पाणी गोठलं की हाउसिंग चिरते, फिल्टर जातात.

बेसिन आणि कमोडच्या वाकड्या नळीत पाणी राहतंच, ते काढून टाकलं तर गटाराचा वास घरात. भाचा तिकडे घर बंद करताना गुलाबी रंगाचं प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटी फ्रीझ ओततो. आपल्याकडे गाडीचं कूलंट मिळतं सहज पण ते बहुतेक एथिलीन ग्लायकॉल, विषारी, चवीला गोड, कुत्री-मांजरी चाटतात आणि मरतात, ते ओतू नका. आम्ही मिठाचं पाणी ओततो. लिटरला १०० ग्रॅम मीठ घातलं की साधारण उणे ६ पर्यंत गोठत नाही, आमच्या इथे तेवढं पुरतं. पीव्हीसीच्या नळीला मीठ काही करत नाही, पितळेच्या बॉटल ट्रॅपला खातं, तिथे नळीच खोलून ठेवतो.

इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. चार्ज असलेल्या लेड अॅसिड बॅटरीतलं पाणी उणे ५० ला पण गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत अॅसिड पातळ होतं आणि ती उणे दहाच्या आसपास किंवा त्याआधीच गोठून चिरते. आम्ही चार्ज करून वायर सुटी करून येतो. सोलर वॉटर हीटर काचेच्या नळ्यांचा असेल तर नळ्या बऱ्यापैकी तग धरतात, मधे व्हॅक्यूम असतो, पण त्याच्याकडे जाणारा गार पाण्याचा पाइप गोठतो, म्हणून तिथे १९ ची ट्यूब सगळ्यात आधी लावा.

अंगणाची तयारी वेगळी. नळाला लावलेला होज पाइप काढून झटकून आत, नाहीतर पाणी त्यात अडकून नळच फुटतो. छपराच्या गटरमधे पिरूल, म्हणजे चिडाच्या झाडाची वाळलेली सुयांसारखी पानं, साचतं, ते नोव्हेंबरातच काढायचं, नाहीतर पाणी तुंबून रात्री गोठतं आणि वजनाने गटर खाली येतं. मातीच्या कुंड्या ओल्या मातीसकट बाहेर राहिल्या तर तडकतात, त्या पडवीत घेतो. कढीपत्ता आणि मोगरा मी ठाण्यातून नेलेत, तिथे ते टिकणार नाहीत असं सगळे म्हणाले, पण खिडकीत आत ठेवले की तग धरतात आणि मला फार बरं वाटतं ते बघून. लिंबाच्या रोपांना संध्याकाळी ऊन जायच्या आत गोणपाट घालायचं, अगदी जमिनीपर्यंत टेकलेलं, म्हणजे मातीची ऊब आत राहते, आणि सकाळी काढायचं. प्लॅस्टिक पानाला चिकटलं की तेवढंच पान करपतं. दुपारी मातीला पाणी द्यायचं, ओली माती दिवसाची उष्णता जास्त धरते. आपले निफाडचे द्राक्षवाले पारा उतरला की बागेत पहाटे पाणी सोडतात, शेकोट्या करतात, हिशोब तोच. आलुबुखारा, जर्दाळूला मात्र झाकायचं नाही, त्यांना हिवाळ्यात ठराविक तास थंडी मिळालीच पाहिजे, नाहीतर फुलोरा नीट येत नाही. त्यांच्या खोडाला चुना लावतो. दिवसा उन्हाने साल तापते आणि रात्री एकदम गारठते त्याने तडे जातात, पांढऱ्या चुन्यामुळे तापणं कमी होतं.

शेठकडचाच तो ३ मिलिमीटरचा टेप आम्ही खिडक्यांच्या फटींना पण लावला, आणि दाराखाली ब्रशची पट्टी. खोलीतला गारठा यानेच निम्मा गेला असं सासूबाईंचं मत, माझं पण. पण फटी बुजवल्यावर एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका. दर हिवाळ्यात पहाडात, दिल्लीत माणसं जातात अशी, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या बातम्या वाचतो त्यातही हाच वायू. बुखारी असेल तर चिमणी सिझनच्या आधी साफ करून, आणि खिडकी बोटभर उघडी.

दुकानाचा अर्धा मार्क कशासाठी गेला तर सुटा माल मागितला की थांबावं लागतं, कॉन्ट्रॅक्टरचा टेम्पो भरून झाल्याशिवाय तुमच्याकडे कोणी बघत नाही. रविवारी बंद. गाडी आत नेऊ नका, ट्रकमुळे वळवायला जागा नाही, रिक्षाने जा. पाइपाचा तुकडा बरोबर न्या, बाहेरून कुठे ऊन लागतं त्याचे फोटो न्या, आणि एकूण लांबी, एल्बो किती, व्हॉल्व्ह किती हे कागदावर लिहून न्या, मग शेठ नीट बसून सांगतात. जावेने नेरूळहून व्हॉट्सअॅपवरच फोटो पाठवून दुसऱ्यांदा माल मागवला, तोही बरोबर आला.

मार्चमधे घर उघडताना आधी सगळे नळ उघडे ठेवून टाकीचा व्हॉल्व्ह थोडाच फिरवा, हवा फुसफुसत बाहेर जाते, एकदम सोडला तर जॉइंटला दणका बसतो. प्रत्येक नळाला सलग धार आली की एकेक बंद करत जा आणि एक माणूस बाहेर भिंतीपाशी उभा ठेवा, कुठे ट्यूबच्या सांध्यातून पाणी झिरपतंय का बघायला, कारण आत पाइप चिरला असेल तर पाणी ट्यूबमधून वाहत भलतीकडेच बाहेर येतं. गिझरच्या गरम नळातून पाणी नीट यायला लागल्यावरच एमसीबी वर करा.